हजेरीपटाबाहेरची माणसे

माणदेशातून सर्वांत अधिक बाहेर काय जाते, असे विचारले तर कोणी डाळिंब सांगेल, कोणी खिल्लार जनावरे सांगेल, कोणी मेंढरे सांगेल. ही उत्तरे चुकीची नाहीत, अपुरी आहेत. या मुलुखाने पिढ्यान्‌पिढ्या सर्वांत अधिक बाहेर धाडली ती माणसे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत सापडलेल्या माण, खटाव, आटपाडी, खानापूर, जत या तालुक्यांत पाऊस वर्षाकाठी जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि तोही वेळेवर येईल याची शाश्वती नसते. म्हणून येथील तरुण मुंबईच्या गिरण्यांत गेला, बाजारपेठांत पाठीवर ओझी वाहू लागला, सैन्यात भरती झाला, आणि सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात शिरून भारतभर पसरला. जे मागे राहिले त्यांनी शेती आणि मेंढरे सांभाळून दहिवडी, म्हसवड, आटपाडी, विटा येथे लहान लहान धंदे थाटले. कोठे मोटार भरून देण्याचे दुकान, कोठे जोडकामाची शेड, कोठे खानावळ, कोठे दूध संकलन केंद्र, कोठे चार शिलाई यंत्रांचा कारखाना. या धंद्यांत किती माणसे राबतात, त्यांना काय मिळते, ती किती दिवस टिकतात आणि का सोडून जातात, याची नोंद कोठल्याही दप्तरात पूर्णपणे सापडत नाही.

कामगारांचा प्रश्न म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कारखान्याचे फाटक, भोंगा आणि संघटनेचा फलक येतो. कर्मचारी व्यवस्थापन म्हटले की वातानुकूलित कचेरीतला अधिकारी येतो. दोन माणसांच्या दुकानाचा या दोहोंशी काही संबंध आहे असे मालकाला वाटत नाही, कामगाराला वाटत नाही, आणि प्रांजळपणे सांगायचे तर चळवळीतील कार्यकर्त्यांनाही फारसे वाटत नाही. ही समजूत मुळातच तपासून पाहण्याची वेळ आली आहे. धंदा जितका लहान तितका त्यातील माणसांच्या नेमणुकीचा, शिक्षणाचा, वेतनाचा आणि सुरक्षिततेचा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो. आणि हा प्रश्न एकट्या लहान मालकाच्या आवाक्यातला नसल्यामुळे तो सामुदायिक रीतीनेच सोडवावा लागेल, हे येथे मांडावयाचे आहे.

प्रथम शब्दाविषयी. केंद्र सरकारने १९८५ साली शिक्षण खात्याचे नाव बदलून ते मनुष्यबळ विकास असे केले आणि २०२० साली पुन्हा शिक्षण असे केले. मधल्या पस्तीस वर्षांत ‘मानवी संसाधन’ हा शब्द सर्वत्र रुळला. कोळसा, लोखंड, पाणी यांच्या रांगेत माणसाला नेऊन बसविणाऱ्या या शब्दावर समाजवादी विचाराच्या माणसाचा आक्षेप असणे स्वाभाविक आहे. उत्पादन माणसासाठी असते. माणूस उत्पादनासाठी नसतो. परंतु शब्दावरचा आक्षेप रास्त असला तरी त्यामागील वस्तुस्थिती नाकारून चालणार नाही. ज्या धंद्यात यंत्र थोडे, भांडवल थोडे आणि जागा भाड्याची, तेथे उत्पन्न निघते ते माणसाच्या हातातील कसबातून. थिओडोर शुल्ट्झ या अर्थशास्त्रज्ञाने माणसाच्या शिक्षणावर व आरोग्यावर होणारा खर्च ही भांडवली गुंतवणूक मानावी असे १९६१ साली आग्रहाने मांडले. १९७९ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. माणदेशातील खड्डामागावर बसणाऱ्या विणकराला ते सांगण्याची गरज नव्हती.

शासनाची दृष्टी मात्र निराळी आहे. सूक्ष्म उद्योग कोणता हे ठरविताना सरकार यंत्रसामग्रीतील गुंतवणूक आणि उलाढाल पाहते. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक व दहा कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म ठरतो. या व्याख्येत माणसांची संख्या नाही, मग त्यांच्या कसबाची गोष्ट दूरच. म्हणजे अडीच कोटींची यंत्रे असलेला उद्योजक आणि दहिवडीच्या रस्त्यावर एक हातोडा व एक भाता घेऊन बसलेला लोहार हे दोघे एकाच वर्गात मोडतात. वस्तुतः देशातील बहुसंख्य आस्थापना या दुसऱ्या प्रकारच्या आहेत. २०१३-१४ च्या सहाव्या आर्थिक गणनेत सुमारे ५ कोटी ८५ लाख आस्थापना मोजल्या गेल्या आणि त्यांत सुमारे १३ कोटी १३ लाख माणसे काम करीत होती. दर आस्थापनेमागे सरासरी सव्वादोन माणसे! या देशातील सर्वसाधारण धंदा कारखान्याच्या धुराड्याखाली चालत नाही. तो दुकानाच्या फळीवर चालतो.

अशा धंद्यात माणसाचे मोल काय असते हे साध्या हिशेबाने समजते. समजा, मोटारी भरून देण्याचे एक दुकान आहे. मालक आणि दोन मदतनीस. उन्हाळ्याच्या तोंडाला विहिरींचे पाणी खोल जाते, मोटारी जळतात आणि दुकानापुढे रांग लागते. ऐन मार्चमध्ये दोहोंपैकी जो मदतनीस दोन वर्षे खपून काम शिकला तो महिना हजार रुपये जास्त मिळतात म्हणून पुण्यास निघून जातो. हजार माणसांच्या कारखान्यातून एक माणूस गेला तर फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही कळत नाही. येथे कामाचा तिसरा हिस्सा नाहीसा होतो. महिन्याला दहा मोटारी परत पाठवाव्या लागल्या आणि दर मोटारीमागे हजार रुपये सुटत होते असे धरले, तर चार महिन्यांत चाळीस हजारांचे नुकसान झाले. नवा मुलगा शिकेपर्यंत जी तांब्याची तार वाया जाईल ती वेगळीच. हजार रुपयांची वाढ दिली असती तर वर्षाचे बारा हजार लागले असते. मालक अडाणी असतो म्हणून हा हिशेब करीत नाही, असे नव्हे. तारेचा भाव तो रोज विचारतो, कारण तारेचे बिल त्याच्या हातात येते. माणूस गेल्याचे बिल कोणी त्याच्या हातात देत नाही.

कसब नाहीसे झाले म्हणजे काय होते याचे उदाहरण म्हसवडच्या घोंगडीत आहे. धनगरांच्या मेंढ्यांची लोकर कातरायची, ती पिंजून बायकांनी चरख्यावर सूत काढायचे, चिंचोक्याची खळ द्यायची आणि सनगर विणकराने खड्डामागावर घोंगडी विणायची, अशी ही साखळी. गिरणीच्या स्वस्त ब्लँकेटांनी तिची बाजारपेठ खाल्ली हे खरे. परंतु साखळी तुटण्याचे कारण केवळ बाजार नव्हे. सूत काढणाऱ्या बाईला कातलेल्या वजनावर जी मजुरी मिळाली तिच्यात तिचे पोट भरले नाही, आणि विणकराच्या मुलाला बापाच्या खड्ड्यात बसण्यापेक्षा मुंबईची गाडी धरणे शहाणपणाचे वाटले. माग विकत घेता येतो, लोकर विकत घेता येते. चाळीस वर्षांचा हात बाजारात मिळत नाही. जो धंदा आपल्या माणसांना पुढची पिढी घडविण्याइतके देत नाही, तो आज नफ्यात दिसला तरी आपले मुद्दलच खात असतो.

याच्या उलट चित्र गलाईचे. खानापूर, आटपाडी, माण, खटाव या भागातील माणसे जुने दागिने आणि सोनारांच्या दुकानातील कचरा आटवून शुद्ध सोने-चांदी काढण्याचा व्यवसाय देशातील शहराशहरांत करतात. या व्यवसायाची माणसे घडविण्याची रीत अभ्यासण्यासारखी आहे. गावाकडचा मुलगा नात्यातल्या गलाईवाल्याकडे जातो, दुकानात राहतो, झाडलोटीपासून सुरुवात करून मूस, भट्टी, टंच हे सारे शिकतो, आणि पुढे ज्याला जमेल तो स्वतःचे दुकान टाकून गावाकडून आणखी दोन मुले नेतो. नोकराला मालक होण्याची वाट मोकळी ठेवणारी ही पद्धत आहे. दुष्काळी मुलुखातील कमी शिकलेल्या मुलांना कोणत्याही सरकारी योजनेवाचून देशभर उभे करण्याचे श्रेय तिला द्यावे लागेल. तिचे बळ विश्वासात आहे. सोन्याच्या धंद्यात अनोळखी माणूस ठेवता येत नाही.

पण या शिडीच्या पायऱ्या कशाच्या आहेत हेही पाहिले पाहिजे. सोन्यातून चांदी व तांबे वेगळे करण्यासाठी नत्राम्ल वापरतात. त्यातून उठणारा तांबूस धूर फुप्फुसे जाळतो, आणि त्याचा त्रास पुष्कळदा तत्काळ न जाणवता काही तासांनी उमटतो. अरुंद गाळ्यात, धूर वर ओढून नेणाऱ्या पंख्याशिवाय, तोंडाला नुसता रुमाल बांधून जो मुलगा भट्टीपुढे बसतो, त्याचे वय, पगार आणि कामाचे तास किती? जेथे हे लिहिलेले नाही तेथे उत्तर एकच मिळते: ‘परका थोडाच आहे, घरचाच पोरगा आहे.’ पाच वर्षांनी खोकत गावी परतलेल्या पोराची जबाबदारी मग कोणाची? तेव्हा मात्र तो ज्याच्या त्याच्या घरचा होतो.

‘घरचा माणूस’ ही आपल्या लहान धंद्यांतील सर्वांत मोठी कर्मचारीविषयक संस्था आहे. तिच्यात माया आहे यात शंका नाही. मुलीच्या लग्नाला मालक उचल देतो, आजारपणात दवाखान्यात नेतो, सणाला कपडे करतो. परंतु याच नात्याच्या पोटात वेतन न ठरविण्याची, सुटी न देण्याची आणि हिशेब न दाखविण्याची मुभा दडलेली असते. घरच्या माणसाने पगार मागणे हा अपमान ठरतो, आणि रविवार मागणे हा माज ठरतो. उचल घेतलेली असली की सोडून जाणे ही बेइमानी ठरते. कायद्यानेही या नात्याला सवलत दिली आहे. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना शाळेच्या वेळेबाहेर कुटुंबाच्या धंद्यात मदत करण्याची मोकळीक ठेवली आणि कुटुंबाच्या व्याख्येत काका, मामा, आत्या, मावशी यांचाही समावेश केला. धोक्याच्या कामांना ही सवलत नाही आणि अशा कामांत अठरा वर्षांखालील मुलांनाही बंदी आहे. पण गाळ्याच्या आत डोकावून पाहणार कोण? घरच्या माणसांतही सर्वांत शेवटी उभी असते ती घरची बाई. खानावळीतल्या भाकरी थापणारी, दुकानाचा गल्ला सांभाळणारी, विणकराचे सूत भरणारी मालकाची बायको कामगार म्हणून मोजली जात नाही आणि मालक म्हणूनही नाही.

आता कायद्याकडे वळू. भारतातील कामगार कायदे माणसे मोजून लागू होतात. भविष्यनिर्वाह निधीसाठी वीस माणसे लागतात; राज्य कामगार विम्यासाठी व ग्रॅच्युइटीसाठी दहा. महाराष्ट्राच्या १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याची जागा २०१७ च्या कायद्याने घेतली, तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना केवळ सूचना देण्यापुरते बांधून बाकीच्या बंधनांतून मोकळे करण्यात आले. आणि २०२५ साली ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. केंद्राच्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आल्या. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र मिळणार, असा गाजावाजा झाला. परंतु ती तरतूद ज्या संहितेत आहे ती सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरती आहे. किमान वेतनाला संख्येची अट नाही, हे खरे. मात्र म्हसवडच्या बाजारपेठेतील प्रत्येक दुकानाची पाटी वाचण्याइतके निरीक्षक सरकारकडे कधीच नव्हते. सरासरी सव्वादोन माणसांच्या देशात दहाची आणि वीसची रेघ मारली म्हणजे बहुसंख्य कामगार रेघेच्या पलीकडे राहणार, हे उघड आहे. लहान उद्योगाला जाचातून सोडविण्याच्या नावाखाली लहान उद्योगातील कामगाराला संरक्षणातून सोडविण्यात आले आहे.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते, ते चांगल्या मालकाचे. त्याचा थोर दाखला याच परिसरात आहे. १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानाने आरंभ करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० साली औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर आले आणि तेथे त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. शाळा-महाविद्यालयात अपयशी ठरलेल्या तरुणांतून त्यांनी कारखाना चालविणारी माणसे घडविली, आणि शिक्षा भोगलेल्या माणसांवर पहाऱ्याचे काम सोपविले. पुढे त्याच औंध संस्थानात, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभी राहिली; कैद्यांना भिंतीवाचून शेती करू देणारा तो प्रयोग ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटामुळे देशाला माहीत झाला. माणसावर विश्वास टाकला की माणूस वाढतो, हे या दोन्ही प्रयोगांनी माणदेशाच्या भूमीवर आणि तिच्या शेजारी सिद्ध केले. त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु चांगला मालक हा पावसासारखा असतो. पडला तर पीक येते, न पडला तर मागता येत नाही. जे मालकाच्या स्वभावावर अवलंबून आहे त्याला हक्क म्हणता येत नाही, आणि दुष्काळी मुलुखाने तरी पावसाच्या भरवशावर शेती करण्याचा शहाणपणा शिकवू नये.

दुसरे उत्तर म्हसवडच्या बायकांनी दिले आहे. जयप्रकाशजींच्या आंदोलनाच्या प्रेरणेतून सामाजिक कार्यात आलेल्या आणि म्हसवडला स्थायिक झालेल्या चेतना गाला-सिन्हा यांच्या पुढाकाराने तेथील कष्टकरी स्त्रियांनी स्वतःची बँक काढण्याचे ठरविले. सभासद स्त्रिया अंगठा उठविणाऱ्या आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. त्या स्त्रियांनी अक्षरे गिरविली, पुन्हा अर्ज केला आणि आमच्याइतक्या चटकन तोंडी व्याज तुमचे अधिकारी काढतात का ते पाहा, असे आव्हान दिले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बँकेत येण्यासाठी दिवसाची मजुरी बुडते असे बायकांनी सांगितले तेव्हा बँक त्यांच्या दारी जाऊ लागली. नुसत्या कर्जाने धंदा होत नाही हे दिसले तेव्हा धंद्याचे शिक्षण देणारे वर्ग निघाले. या अनुभवाचे सार असे की पैशाआधी माणूस पाहावा लागतो. जिला निरक्षर म्हणून बाद केले तिच्या ठायी असलेले व्यवहारज्ञान हेच तारण होते. ते ओळखण्याची आणि वाढविण्याची व्यवस्था तेवढी उभी करायची होती. ती व्यवस्था एकटीदुकटीने उभी राहिली नसती, सहकारानेच उभी राहिली, हेही तितकेच ध्यानात घेण्यासारखे आहे.

मग एकेका दुकानात काम करणाऱ्या मजुरासाठी अशी सामुदायिक व्यवस्था कशी असेल? तिचा नमुना महाराष्ट्राने अर्ध्या शतकापूर्वीच जगाला दिला आहे, आणि तो घडविण्यात माणदेशातून मुंबईस गेलेल्या पाठींचाही वाटा आहे. माथाडी कामगार आज या गाळ्यावर तर उद्या त्या गाळ्यावर ओझी वाहत असे. त्याचा मालक कोण हेच ठरत नसे, म्हणून कोणताही कायदा त्याला लागू होत नसे. साताऱ्याच्याच पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत त्यांची संघटना बांधली, पुण्यात डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने तीच लढाई लढविली. त्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. त्याची रचना अशी: कामगारांचे, मालकांचे आणि सरकारचे प्रतिनिधी असलेले मंडळ; मालकांची व कामगारांची नोंदणी; मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर ठराविक टक्के आकार द्यायचा; त्या आकारातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार आणि औषधपाणी. एकेका व्यापाऱ्याला जे कधीच पेलले नसते ते सर्वांनी मिळून पेलले. म्हणजे शेकडो लहान मालकांचे एक सामायिक कर्मचारी खाते असे ज्याला म्हणता येईल, ते हमालांच्या लढ्यातून जन्माला आले. व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांनी त्याची नोंद घेतली नसली तरी वस्तुस्थिती तीच आहे.

हेच तत्त्व तालुक्याच्या लहान धंद्यांना लावता येईल. दहिवडी, म्हसवड, आटपाडी, विटा अशा प्रत्येक बाजारपेठेसाठी एक त्रिपक्षीय श्रमिक मंडळ असावे. दुकानदाराने आपल्या दोन माणसांची नावे तेथे नोंदवावीत, मजुरीवर अल्प आकार भरावा आणि सरकारने आपला वाटा टाकावा. मंडळाने कामगाराला एका पानाचे मराठी नियुक्तिपत्र द्यावे. त्यावर काम, पगार, पगाराची तारीख, तास आणि साप्ताहिक सुटी एवढे लिहिलेले असले तरी पुरे. मोटार भरणे, जोडकाम, शिलाई, गलाई यांतील कसबाची परीक्षा घेऊन दाखला द्यावा, म्हणजे कामगाराचे मोल एका मालकाच्या मर्जीवर राहणार नाही. कोणी आजारी पडला वा बाळंतपणाच्या रजेवर गेली तर नोंदणीतून बदली माणूस पुरवावा. लहान मालकाची ही सर्वांत मोठी अडचण आहे. आणि आठवड्याच्या बाजारच्या दिवशी मंडळाच्या कचेरीत तक्रारी ऐकाव्यात. अपघात आणि आजारपणासाठी नवी तिजोरी उघडण्याचीही गरज नाही. मालक आणि बहुसंख्य कामगार यांची संमती असेल तर लहान आस्थापनेलाही निर्वाह निधी आणि विम्याच्या योजनेत स्वेच्छेने सामील होता येते, आणि केंद्र सरकारने धोक्याचे म्हणून अधिसूचित केलेल्या व्यवसायात एकच कामगार असला तरी विमा लागू करण्याची सोय सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. गलाईचा समावेश त्या यादीत व्हावा ही मागणी सातारा-सांगलीतूनच उठली पाहिजे.

आक्षेप येतील. पहिला आक्षेप मालकाच्या गरिबीचा. तो खोटा नाही. पुष्कळ ठिकाणी मालकाची प्राप्ती आणि मदतनिसाची मजुरी यांत थोडेच अंतर असते, आणि दोघेही एकाच सावकाराचे देणेकरी असतात. म्हणून तर ओझे एकट्यावर न टाकता वाटून घ्यावयाचे आहे. शिवाय जो मालक आपल्या कष्टाची मजुरी हिशेबात धरीत नाही, त्यालाही असे मंडळ प्रथमच आपल्या धंद्याचा खरा ताळेबंद दाखवील. दुसरा आक्षेप गैरव्यवहाराचा. माथाडीच्या नावाने खंडणी उकळल्याच्या तक्रारी झाल्या आहेत आणि त्यांकडे डोळेझाक करणे चळवळीला शोभणार नाही. त्यावर उपाय म्हणजे मंडळाचे हिशेब दर वर्षी बाजारपेठेत जाहीर वाचणे आणि प्रतिनिधी निवडणुकीने नेमणे. मंडळच नको म्हणणे हा नव्हे. सहकारी संस्थेत अफरातफर झाली म्हणून सहकार कोणी मोडीत काढला नाही. तिसरा आक्षेप सूक्ष्म आहे. कागद आला की माया जाईल, असे म्हटले जाते. पगाराची तारीख लिहिल्याने जी माया आटते ती माया नव्हे. लिहून ठेवलेल्या हिशेबाने सोयरिकी टिकतात, हे खेड्यातील जुनी माणसे अनुभवाने सांगतात.

हा प्रश्न आज हाती घेण्याचे आणखी एक कारण आहे. टेंभू, उरमोडी, जिहे-कठापूर या योजनांचे पाणी माणदेशाच्या काही भागात पोहोचू लागले आहे, आणि म्हसवडच्या परिसरात मोठे औद्योगिक क्षेत्र उभारण्याची योजना आहे. पाण्याने डाळिंब, द्राक्ष, दूध यांवरचे लहान धंदे वाढतील. उद्योग आले तर ठेकेदार येतील. बाहेर गेलेल्या काही तरुणांना परत यावेसे वाटेल. ते कशाकडे परततील? पुण्या-मुंबईत त्यांनी निदान पगाराची तारीख आणि आठवड्याची सुटी पाहिलेली असते. गावाकडच्या धंद्याने त्यांना एवढेही दिले नाही तर नव्याने आलेले पाणीही त्यांना धरून ठेवू शकणार नाही, आणि ठेकेदाराच्या टोळीत नाव घालण्यावाचून येथल्या मुलांना दुसरी वाट राहणार नाही. १९७२ च्या दुष्काळात माणसाला काम देणे ही शासनाची जबाबदारी आहे, हे तत्त्व महाराष्ट्राने मान्य केले आणि १९७७ साली त्याचा कायदा केला. त्या विचाराचे प्रवर्तक वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातील विसापूरचे. काम मिळण्याचा हक्क ज्या मुलुखाने देशाला शिकविला, त्याने आता मिळालेल्या कामात माणूस म्हणून वागविले जाण्याचा हक्कही मागितला पाहिजे.

कार्यकर्त्यांनी यासाठी कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. माथाडी कायदा संघटनेच्या नंतर आला, आधी नव्हे. एका बाजारपेठेतील दुकानांची यादी करावी. प्रत्येक ठिकाणी किती माणसे, वय किती, पगार किती, तो कोणत्या तारखेला मिळतो आणि आधीचा माणूस का सोडून गेला, हे पाच प्रश्न मालकाला आणि कामगाराला वेगवेगळे विचारावेत. दोघांची उत्तरे शेजारी शेजारी ठेवली म्हणजे पुष्कळ गोष्टी आपोआप स्पष्ट होतील; त्यांतील काही मालकांच्याही डोळ्यांत अंजन घालतील. गलाईच्या गावांत, दिवाळीला वा यात्रेला परतलेल्या मुलांच्या छातीची तपासणी करून घ्यावी. ही कामे सभेत टाळ्या मिळवून देणारी नाहीत. पण ज्या माणसांचे नाव कोठल्याच हजेरीपटावर नाही, त्यांचे नाव प्रथम कोणी तरी आपल्या वहीत लिहिले पाहिजे. मंडळ, आकार, विमा हे सारे त्या वहीच्या पहिल्या पानानंतर येणार आहे.